आमच्यात कोण शिकलंय?

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही कोल्हापूरजवळच्या गांधीनगरचे सिंधी, कपड्याचं होलसेल दुकान आहे. मुलगी फिजिक्स घेऊन बीएस्सी झाली, आता शिवाजी विद्यापीठात एमएस्सी करायचं म्हणते. मिस्टर म्हणतात, आमच्यात एवढं कोण शिकलंय, दुकानात बस आणि ऑनलाइन ऑर्डरी बघ. ते स्वतः दहावी झाली की गल्ल्यावर बसले. सासरे 87 वर्षांचे, फाळणीच्या वेळी सिंधमध्ये तिसरीत होते, इकडं आल्यावर शाळा सुटली ती सुटलीच. अजून उधारीची वही सिंधी अक्षरांत उजवीकडून डावीकडं लिहितात, घरात दुसऱ्या कुणाला ती वाचता येत नाही. आमच्या रक्तातच शिक्षण नाही का हो?
– एक आई, गांधीनगर

उत्तर : ताई, हे रक्ताबिक्ताचं आधी डोक्यातून काढा. तिसरीत शाळा सुटलेला माणूस 87 व्या वर्षीही तीच अक्षरं लिहितोय, त्याला शिक्षणाची ओढ नव्हती असं कसं म्हणायचं?

आता तुमच्याच गावाचं बघा. गांधीनगर जिथं वसलं तिथं आधी वळिवडे कॅम्प होता, 1943 पासून साधारण पाच हजार पोलिश निर्वासित तिथं राहिले, बहुतेक बायका आणि मुलं, सोव्हिएत रशियानं सैबेरियाकडं हाकललेली आणि इराणमार्गे इकडं आलेली. त्यांचंही सगळं गेलेलं, तरी कॅम्पात बालवाडीपासून हायस्कूलपर्यंत शाळा चालायच्या. कारण खर्च लंडनमध्ये आश्रयाला गेलेलं त्यांचं पोलिश सरकार उचलायचं, भाकरीसाठी पोरांना राबावं लागत नव्हतं. फाळणीनंतर त्याच बराकीत सिंधी कुटुंबं आली, त्यांना मात्र स्वतःच कमवून खायचं होतं, मग दहा वर्षाचं पोरगं शाळेत जाणार की कापडाचा गठ्ठा उचलणार? जागा तीच होती हो, फरक पडला तो पोटाच्या सोयीचा. आणि सिंधी लोक शिकले नाहीत हेही खरं नाही, कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजातून निर्वासित होऊन आलेल्या प्राध्यापकांनी 1948 साली मुंबईत जयहिंद कॉलेज काढलं, हे मिस्टरांना जरूर सांगा.

तुमच्या सासऱ्यांनी शाळा सोडली म्हणून दुकान उभं राहिलं, मिस्टर दहावीनंतर बसले म्हणून ते वाढलं. आज त्या दुकानावर घर चालतंय, मग दोघांनी जे मजबुरीनं सोडलं ते पोरीनं कशासाठी सोडायचं? मला तरी हे अजिबात पटत नाही.

पण मिस्टरांची काळजी खोटी नाही, दुकानात माणूस लागतो. म्हणून नुसतं शिकू द्या शिकू द्या म्हणत बसू नका, ऑर्डरी कोण बघणार ते आधी ठरवा. पगारी मुलगा ठेवायचा तर किती खर्च येतो ते मिस्टरांसमोर कागदावर मांडा, व्यापारी माणसाला आकडा पटतो. मुलीनं रविवारी किंवा सणाच्या सीझनला हात लावला तर चालेल, पण परीक्षेच्या दिवसांत तिला दुकानात बोलवायचं नाही एवढं स्पष्ट बोलून घ्या.

सासऱ्यांना पण यात घ्या. मुलीला त्यांच्याजवळ बसवून ती वही वाचायला शिकू दे, 52 अक्षरं आहेत, बीएस्सी झालेल्या पोरीला जड जाणार नाहीत. आणि एमएस्सीचं त्यांनाच विचारू दे, वडिलांसमोर. आजोबा हो म्हणाले तर मिस्टरांचा निम्मा विरोध तिथंच मावळेल असं मला वाटतं.

तोवर प्रवेशाच्या तारखांवर लक्ष ठेवा, घरातली चर्चा लांबली म्हणून फॉर्म राहायला नको.