‘असाइनमेंट’ : शिखर कोणाच्या नावावर?

प्रश्न असा आला आहे : ‘एनएमआर, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात रेणूतल्या अणूंचे संकेत मोजण्याचं तंत्र; त्याच्या विश्लेषणासाठीच्या सीसीपीएन ॲनालिसिस या सॉफ्टवेअरच्या तिसऱ्या आवृत्तीत नवीन काय आहे, याचं टिपण मी मराठीत लिहिते आहे. त्यात पानोपानी पीक असाइनमेंट येतं. कोशांत नेमणूक, अभिहस्तांकन, स्वाध्याय असे शब्द मिळाले. कोणता घेऊ? आणि न्यू फीचर्सला नवीन वैशिष्ट्ये म्हटलं तर चालेल का?’

तिन्हींतला एकही घेऊ नका. नेमणूक माणसाची होते, तीही पदावर. अभिहस्तांकन हा कायद्याचा शब्द, एकाचा हक्क दुसऱ्याकडे सोपवण्याचा. इथे कोणाचाच हक्क हलत नाही. स्वाध्याय तर शाळेत राहिला. कोश चुकलेले नाहीत. इंग्रजीनं एका शब्दात ही तीन वेगवेगळी कामं कोंबली आहेत आणि आपल्याला चौथं हवं आहे. म्हणून शब्द शोधण्याआधी काम पाहू या.

एनएमआरच्या आलेखात शिखरं, म्हणजेच पीक, दिसतात, पण ती रेणूतल्या कोणत्या अणूंची हे आलेख सांगत नाही. ते ठरवणं म्हणजे असाइनमेंट. 1951 साली स्टॅनफर्डला अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकर्ड यांनी साध्या इथेनॉलची तीन वेगळी शिखरं दाखवली. यातले धर्मट्टी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. इथेनॉलच्या तीन गटांत हायड्रोजन अनुक्रमे तीन, दोन आणि एक असतात आणि त्या तीन शिखरांचं क्षेत्रफळही 3:2:1 असं पडतं, म्हणून मोठं मिथाइलचं, मधलं मिथिलीनचं आणि लहान हायड्रॉक्सिलचं, हे नुसत्या मोजणीनं ठरतं. प्रथिनात ते इतक्यात होत नाही.

युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाचं उदाहरण घेऊ. त्याच्या साखळीत 76 अमिनो आम्लं आहेत. नायट्रोजन-हायड्रोजनच्या द्विमितीय आलेखात, म्हणजे एचएसक्यूसीमध्ये, साखळीच्या कण्यातून प्रत्येक आम्लामागे एक शिखर अपेक्षित असतं. प्रोलीन या प्रकारची तीन आम्लं वगळायची, कारण त्यांच्या नायट्रोजनवर हायड्रोजनच नसतो. साखळीतलं पहिलं आम्लही सहसा दिसत नाही. उरली 72. पडद्यावर ही बहात्तर शिखरं विखुरलेली असतात आणि एकाच्याही अंगावर नाव लिहिलेलं नसतं.

आता त्यातलं एक उचला. कार्बनची माहिती देणारे जोडप्रयोग त्या शिखराबद्दल दोन गोष्टी सांगतात : त्याचे स्वतःचे कार्बन कुठे आहेत आणि साखळीत त्याच्या आधीच्या शेजाऱ्याचे कुठे आहेत. समजा, याला स्वतःचा अल्फा कार्बन, म्हणजे आम्लाचा कण्यातला कार्बन, 45 पीपीएमच्या (आलेखावरची जागा मोजण्याचं एकक) आसपास मिळाला आणि त्याला जोडलेला पुढचा, म्हणजे बीटा, कार्बन मिळालाच नाही, तर हे ग्लायसीन हे आम्ल. शेजाऱ्याचा बीटा कार्बन विसाच्या खाली आला, तर तो ॲलानीन. युबिक्विटिनमध्ये ग्लायसीन सहा आहेत, पण ॲलानीनच्या लगेच पुढे येणारं एकच, 47 क्रमांकाचं. शिखराचा धनी सापडला, आणि तो शेजाऱ्यावरून सापडला.

मराठीत हे काम आपण पिढ्यान्‌पिढ्या केलं आहे. जमिनीचा तुकडा कोणता, हे दस्तात चतुःसीमेवरून लिहितात : पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक. मग तो नावावर लागतो. असाइन करण्याला माझ्या मते हाच शब्द आहे : नावावर लावणे. ‘हे शिखर 47 क्रमांकाच्या ग्लायसीनच्या नावावर लावलं.’ हे वाक्य प्रयोगशाळेत कोणी मोठ्यानं म्हटलं, तर समोरच्याला समजावून सांगावं लागणार नाही. ‘शिखराचे अभिहस्तांकन केले’ असं म्हणून पाहा, फरक कानालाच कळेल.

या शब्दाची खरी परीक्षा तुमच्या तिसऱ्या आवृत्तीत होते. तिथे रेणूतले खरे अणू आणि एनएमआर-अणू, म्हणजे शिखराला लावायची नावं, वेगळे ठेवले आहेत. शिखर दिसलं पण धनी माहीत नाही, अशा वेळी ‘@23’ यासारखं तात्पुरतं नाव देता येतं. अशी चार-पाच शेजारी आम्लं आपापसांत जुळली की तो तुकडा एकसंध राहतो, आणि जागा सापडली की साखळीच्या क्रमावर ओढून सोडायचा. सगळ्यांना एकदम खरी नावं मिळतात. तलाठ्याकडे फेरफार आधी नोंदला जातो आणि मंडळ अधिकाऱ्यानं प्रमाणित केल्यावर पक्का होतो, तशातलीच ही पायरी आहे. तेव्हा टिपणात ‘कच्चं नाव’ आणि ‘पक्कं नाव’ असे शब्द बेधडक वापरा. ‘तात्पुरते अभिज्ञान’ वगैरे घडवत बसायची गरज नाही. माणसं ‘नोंद अजून कच्ची आहे’ असंच बोलतात.

उलट क्रियेला मात्र जपा. लावलेलं नाव हटवायच्या आज्ञेला पटकन ‘नाव काढा’ लिहावंसं वाटेल. पण मराठीत लेक नाव काढते ती कर्तबगारीनं, आणि गेलेल्या माणसाचं नाव काढलं की डोळे भरतात. सातबाऱ्याची भाषा इथे अचूक आहे : नाव कमी करणे. आजोबा गेले, उताऱ्यावरून त्यांचं नाव कमी केलं. आज्ञेच्या जागी ‘नाव लावा’ आणि ‘नाव कमी करा’ ही जोडी छान बसते.

एकाच शिखरावर दोन नावं लावायचीही मुभा या सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि इथे अर्थाचे दोन फाटे फुटतात. दोन अणूंची शिखरं खरोखरच एकावर एक पडली असतील, तर ते ‘सामाईक’. दोघांपैकी एकाचंच आहे पण कोणाचं ते ठरत नाही, तर ते ‘अनिर्णित’. इंग्रजी टिपणात दोन्हींना एकच शब्द वापरलेला दिसला, तरी मराठीत वेगळे ठेवा. वाचणाऱ्याला पुढे शिखरांवरून अणूंमधली अंतरं काढून प्रथिनाची रचना ठरवायची असते. तिथे ‘दोघांचं’ आणि ‘दोघांपैकी एकाचं’ यांत गल्लत झाली तर अंतरं चुकतात.

शीर्षकासाठी नाम लागेल. ‘नावनोंदणी’ नको, ती शाळाप्रवेशाची किंवा मतदार यादीची वाटते. ‘नामनिर्देशन’ही नको, ते निवडणुकीच्या अर्जात आणि बँकेच्या खात्यात गुंतलेलं आहे. ‘नावनिश्चिती’ मला बरं वाटतं. पण वाक्यात क्रियापदच वापरावं. मराठी क्रियापदावर चालते, नामांचे ढीग लावले की ती अडखळते.

‘पीक’ हा शब्द देवनागरीत तसाच ठेवू नये, हेही सांगतो. वाचणारा तो शेतातलं पीक म्हणूनच वाचणार, आणि मी वर सातबारा आणला आहे म्हटल्यावर तर हमखास. ‘शिखर’ लिहा. पिकिंगला, म्हणजे आलेखातली शिखरं हेरण्याला, ‘टिपणे’ लिहा. चिमणी दाणा टिपते, कान शब्द टिपतो, आणि सॉफ्टवेअर गोंगाटातून शिखर टिपतं. ‘निवडणे’ म्हटलं तर आधीच हातात असलेल्यांतून वेगळं काढणं, जसे तांदूळ निवडतो. टिपण्यात शोध आणि नेमकेपणा दोन्ही आहेत.

फीचर्सबद्दल थोडक्यात. वैशिष्ट्य म्हणजे इतरांत नाही आणि याच्यातच आहे असं काही. केलेली कृती मागे घेता येणं हे आज कुठल्याही सॉफ्टवेअरचं वैशिष्ट्य उरलेलं नाही, ती सोय आहे. आलेखाच्या पट्ट्या शेजारी-शेजारी लावून पाहता येणं, पायथन या संगणकभाषेत स्वतःची छोटी आज्ञावली लिहून चालवता येणं, याही सोयीच. टिपणाचं शीर्षक ‘तिसऱ्या आवृत्तीतल्या नव्या सोयी’ असं द्या. कच्च्या आणि पक्क्या नावांची वेगळी व्यवस्था मात्र मी वैशिष्ट्यात घालीन, म्हणून तिच्यासाठी तो शब्द राखून ठेवा.