लीजवरची लक्झरी एसयूव्ही: खर्च त्यांचा, पण दिवस तुमचे

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. यवतमाळ जिल्ह्यात दिग्रसला कापसाची जिनिंग आहे, जर्मन डिझेल एसयूव्ही चार वर्षांच्या लीजवर घ्यायची आहे, वर्षाला 15 हजार किलोमीटरची मर्यादा. लोक म्हणतात या गाड्या भरवशाच्या नाहीत. तुमचं म्हणणं, लीज आहे ना, मग बिघडली तरी डोकेदुखी लीज कंपनीची. या शेवटच्या वाक्यावरच मला बोलायचं आहे, कारण लीजच्या कागदावर सही करताना मीही हेच म्हणत होतो.

माझ्या गाडीचं दुसरं वर्ष. तान्ह्या पोळ्याची सकाळ. अंगणात येऊन पाहतो तर गाडी पुढच्या डाव्या बाजूनं जमिनीला टेकलेली, बैल एका पायावर बसावा तशी. एअर सस्पेन्शनची, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेवर गाडी तोलणारी, रबरी पिशवी फाटली होती. लाकडी नंदी घेऊन बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, मागायला आलेले पोट्टे बोजारा विसरून गाडीच पाहत बसले. हेल्पलाइनला फोन केला. या गाडीची चारही चाकं इंजिनला जोडलेली असल्यामुळे दोन चाकं उचलून ओढता येत नाही, सगळी गाडी वर घेणारी फ्लॅटबेडच लागते. ती नागपूरहून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या आर्णीला पोचली. पुढं नागपूरच्या वर्कशॉपात पार्ट मागवला, आला, बसवला. एकूण 19 दिवस. वॉरंटी होती, खिशातून रुपया गेला नाही. पण महिन्याचं भाडं 1 लाख 15 हजार, ते चालूच. हिशेब केला तर उभ्या गाडीचे जवळपास 73 हजार मी भरले, अन् ते 19 दिवस जुन्या बोलेरोत फिरलो. बदली गाडी? करारात होती. ‘उपलब्धतेनुसार’ अन् ‘शहर हद्दीत’. आर्णी कोणत्या शहराच्या हद्दीत येते ते मला अजून कोणी सांगितलं नाही.

तर लीजमुळे दुरुस्तीचा खर्च अन् चार वर्षांनी पडलेल्या किमतीचा फटका त्यांच्याकडं जातो. लक्झरी गाडीची किंमत ज्या वेगानं पडते ते पाहता हा फायदा खरा आहे, मी नाकारत नाही. पण गाडी उभी राहिलेले दिवस तुमच्याच खात्यात पडतात. पुण्या-मुंबईत तीच पिशवी फाटली असती तर चार-पाच दिवसांत काम झालं असतं. म्हणून आपल्याकडं गाडी किती वेळा बिघडते यापेक्षा बिघडल्यावर नागपूरला किती दिवस पडून राहते, हे आधी विचारायचं.

परदेशी सर्व्हे पाहून गाडी निवडणार असाल तर जरा जपून. जे. डी. पॉवरसारखे लोक दर 100 गाड्यांमागं किती तक्रारी ते मोजतात. त्यात फोनचं ब्लूटूथ जुळत नाही ही एक तक्रार, अन् गिअरबॉक्स गेला हीसुद्धा एकच. ब्लूटूथ जुळत नसलं तरी तुम्ही घरी पोचता.

आपल्याकडं काय जातं ते सांगतो. पहिलं, उंदीर. हसू नका. जिनिंगच्या आवारात सरकी अन् ढेप असते, म्हणजे उंदीर असणारच, अन् गरम बोनेटखाली त्यांना घरच मिळतं. माझ्याकडं एका रात्रीत वायरिंग कुरतडलं. वॉरंटी म्हणते हा उत्पादनदोष नाही, लीज कंपनी म्हणते निष्काळजीपणा, विम्यात बसवता बसवता दोन महिने गेले. दुसरं, जिनातली रुई. हंगामात ती पुढच्या जाळीत, एसीच्या कंडेन्सरवर बारीक गादीसारखी बसते, एसी थंड करेना होतो, अन् उन्हाळ्यात 45 अंशांत ते कळतं. दर पंधरा दिवसांनी हलक्या हवेनं जाळी झाडून घ्या, जोराच्या पाण्यानं धुवाल तर कंडेन्सरच्या पात्या वाकतील.

तिसरं, डिझेलचा डीपीएफ. बीएस 6 डिझेलमध्ये काजळी अडवणारा हा फिल्टर असतो, तो एक्झॉस्ट बराच वेळ तापला तरच स्वतःला जाळून साफ करतो. घर ते जिन, जिन ते वावर, असे पाच-सात किलोमीटरचे फेरे मारले की तो भरतो अन् दिवा लागतो. आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस मिनिटं एकसारख्या वेगात हायवेला न्यावी लागते. कारंजाहून समृद्धीवर चढलात तर आपोआप होतं, पण दिवा लागूनही दुर्लक्ष केलं तर ते बिल लीज कंपनी तुमच्यावरच टाकेल.

टायरचंही पाहा. रनफ्लॅट टायर हवा गेल्यावर साधारण 80 च्या वेगानं 80 किलोमीटर नेतो. दिग्रसहून तेवढ्यात यवतमाळ गाठाल, नागपूर नाही. अन् 20 इंची टायर यवतमाळात कोणाच्या दुकानात पडलेला नसतो. लहान रिम, जाड टायर अन् डिकीत खरी स्टेपनी मिळत असेल तर ते मॉडेल घ्या, शोरूमवाला कितीही नाक मुरडो. एअर सस्पेन्शन ऐच्छिक असेल तर नको म्हणा, साधी स्प्रिंग बरी.

आता तुमचे 15 हजार किलोमीटर. दिग्रस ते नागपूर जाऊन-येऊन चारशेच्या वर. आठवड्याला एक फेरी धरली तरी वर्षाचे 20 हजार पार, जास्तीच्या प्रत्येक किलोमीटरला दंड. अन् सर्व्हिससाठी नागपूरला नेलेले किलोमीटरही त्यातच मोजतात. मर्यादा आताच वाढवून घ्या, नंतर महाग पडते.

करारात चार गोष्टी लेखी हव्यात. लीज ऑपरेटिंग आहे (मुदत संपली की गाडी त्यांना परत) की फायनान्स, कारण फायनान्स लीजमध्ये किंमत पडण्याची जोखीम बहुतेक तुमच्याच गळ्यात येते. कंपनीची मूळ वॉरंटी कुठं दोन वर्षांची, कुठं तीन, मग तुमच्या चौथ्या वर्षाचा खर्च कोणाचा. बदली गाडी किती तासांत अन् दिग्रसला मिळेल का. अन् विम्यात इंजिन प्रोटेक्ट आहे का, कारण नाल्याच्या पाण्यात इंजिननं पाणी ओढलं तर साधा विमा हात वर करतो. माझं ऐकाल तर लीज वॉरंटीएवढंच करा, फार तर तीन वर्षांचं. भाडं थोडं चढेल, चढू द्या.

कराचं थोडक्यात: लीज जिनिंग फर्मच्या नावावर असेल तर भाडं धंद्याच्या खर्चात दाखवता येतं. शेतीच्या उत्पन्नावर करच नाही, त्यामुळं स्वतःच्या नावावर घेऊन काही वाचत नाही. जीएसटीचं इनपुट प्रवासी गाडीवर सहसा मिळत नाही, सीएला विचारून घ्या.

अन् टेस्ट ड्राइव्ह नागपूरच्या वर्धा रोडवर घेऊ नका. गाडी दिग्रसला मागवा, पाऊस पडून गेला की पांदणीनं वावरापर्यंत न्या. माझ्या वेळी सेल्सवाला पांदणीच्या तोंडाशीच खाली उतरला होता. तेव्हाच समजायला हवं होतं.