वाचक विचारतात: एवढी मोठी घंटा ओतली आणि वाजवलीच नाही?

प्रश्न: ताई नमस्कार. भाचा मॉस्कोला मेडिकलला आहे, त्याने क्रेमलिनमधल्या भल्यामोठ्या फुटक्या घंटेशेजारी उभं राहून फोटो पाठवलाय. म्हणतो ही एकदाही वाजली नाही आणि बाजूची तोफ लढाईत एकदाही उडाली नाही. खरंय का हे? आमचे चिरंजीव म्हणतात, वेल्डिंग मारून वाजवायची होती की. आणि आपली विजापूरची मुलूखमैदान तोफपण अशी शोभेचीच का?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर: भाचा बरोबर बोलतोय. त्या घंटेला रशियात 'झार घंटा' म्हणतात, वजन साधारण २०० टन. टीएमटीची रिकामी बस दहा टनांची धरली तर वीस बस वितळवून एक घंटा, असा हिशोब करा. उंची सहा मीटरच्या वर, तोंडाचा व्यास ६.६ मीटर, म्हणजे आमच्या ऐरोलीच्या वन बीएचकेचा हॉल आत बसवून वर पाहुण्यांच्या चपला ठेवायला जागा उरेल.

सम्राज्ञी ॲना इव्हानोव्हनाने ही करून घेतली. त्याआधी १६५५ ची एक मोठी घंटा होती ती १७०१ च्या आगीत पडून फुटली, तिचंच धातू यात घातलं. ओतकाम इव्हान मोतोरिन आणि त्याचा मुलगा मिखाईल यांचं. १७३४ चा पहिला प्रयत्न फसला, मग बाप गेला आणि १७३५ मध्ये मुलाने ओतून दाखवली. पण एवढी जड वस्तू ओततात ती जमिनीत खड्डा खणून, आणि ही थंड होऊन खड्ड्यातच बसलेली, वर नक्षीकाम चाललेलं, टांगायचा मुहूर्त लांबच. तेवढ्यात मे १७३७ मध्ये क्रेमलिनला मोठी आग लागली, खड्ड्यावरचं लाकूड पेटलं, घंटा वितळेल म्हणून लोकांनी पाणी ओतलं आणि तापलेल्या धातूवर गार पाणी पडल्यावर जे व्हायचं तेच झालं, तडे गेले आणि साडेअकरा टनांचा तुकडा सुटून पडला. (त्याच १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून ठाण्याचा किल्ला घेतला, ज्यात आता सेंट्रल जेल आहे. संबंध काही नाही, पण तारखा जुळल्या की मला राहवत नाही.)

पुढे जवळजवळ शंभर वर्षं घंटा खड्ड्यातच पडून, १८३६ मध्ये मॉन्तफेराँ नावाच्या फ्रेंच वास्तुविशारदाने वर काढून चौथऱ्यावर बसवली.

आता चिरंजीवांचं वेल्डिंग. धातू आपल्या काशाच्याच जातीचं, तांब्यात कथील. तळपायाला तूप लावून घासायची काशाची वाटी आठवा, टिचकी मारली की किती वेळ गुणगुणते, ती करामत कथलाची, पण तेच कथील धातूला ठिसूळही करतं. २०० टनांचा गोळा सगळीकडून सारखा तापवल्याशिवाय सांधायला गेलात तर सांध्याशेजारीच नवा तडा. आणि सांधली तरी आवाज बद्द येणार. सांधलेली घागर पाणी धरेल, पण सांधलेली घंटा?

तोफेचं प्रकरण वेगळं. आंद्रेई चोखोवने १५८६ मध्ये ओतलेली 'झार तोफ' साधारण ४० टनांची, तोंड ८९० मिलिमीटर. फोटोत पुढे रचलेले लोखंडी गोळे दिसतात ना, ते एकोणिसाव्या शतकात नुसते शोभेला ठेवले, गाडाही तेव्हाचाच. तोफ मुळात दगडी गोळे किंवा छर्रे डागायला केलेली, ते लोखंडी गोळे भरून बत्ती दिली असती तर तोफच फुटली असती. तिच्या नळीत दारूच्या खुणा सापडल्याचं तपासणाऱ्यांनी सांगितलंय, म्हणजे चाचणीला एखादा बार झाला असेल, लढाईत मात्र नाही. माझ्या मते ती पहिल्यापासूनच पाहणाऱ्याला धडकी भरावी म्हणून होती आणि ते काम तिने चोख केलं.

मुलूखमैदानला त्या पंगतीत बसवू नका हो! ती १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली, साधारण ५५ टन, ओतणारा महंमद बिन हुसेन रूमी, आणि ती लढाईत वापरली गेल्याचं सांगतात. अपमान तिच्या वाट्याला नंतर आला: १८५४ मध्ये इंग्रजांनी लिलावाला काढली तर बोली १५० रुपये, मग लिलावच रद्द. आता विजापुरात बुरुजावर आरामात बसलीय.

आणि ठरवलेल्या कामाला न लागूनही वाजणाऱ्या घंटा बघायच्या तर लांब जायला नको. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर तिथल्या चर्चच्या घंटा देवळांत आल्या, नाशिकला नारोशंकराच्या देवळात आणि वाईजवळ मेणवलीला आजही आहेत.

भाच्याला एक सांगा, घंटेचा समोरून फोटो सगळेच काढतात. त्या सुटलेल्या तुकड्याची फुटलेली कड काढून पाठव म्हणावं, जाडी दोन फुटांपर्यंत आहे, चिरंजीव वेल्डिंगचं नाव परत घेणार नाहीत.