ठराव ‘टेबल’ केला, म्हणजे पुढे आणला की मागे ठेवला?

खानापूरहून एका तरुणाने विचारलं आहे. तो घरून एका मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पात काम करतो आणि बैठकांचं इतिवृत्त आपल्या मराठी सहकाऱ्यांसाठी लिहितो. एक अमेरिकन सदस्य म्हणाला, ‘हा मोशन टेबल करू.’ याने लिहिलं, ‘ठराव पटलावर ठेवला.’ लोक चर्चेची तयारी करून आले, तर विषय बाजूला पडलेला! आता मराठीत काय लिहावं? आणि ‘सेकंड’ला अनुमोदन म्हणावं का?

ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडच्या इंग्रजीत ‘टेबल करणे’ म्हणजे विषय चर्चेला आणणे. अमेरिकेत नेमकं उलट, विषय बाजूला ठेवणे. हेन्री रॉबर्ट या लष्करी अभियंत्याने १८७६ साली सभाशास्त्राचे जे नियम छापले, त्यांवर तिकडच्या बहुतेक सभा चालतात, आणि त्यांत हाच अर्थ आहे. दुसऱ्या महायुद्धातला एक प्रसंग चर्चिल यांनी लिहून ठेवला आहे. एक कागद तातडीचा म्हणून ब्रिटिश अधिकारी ‘टेबल करा’ म्हणत होते, आणि तो महत्त्वाचा म्हणूनच अमेरिकन ‘टेबल करू नका’ म्हणत होते. दोघांना हवं होतं एकच, तरी वाद बराच वेळ चालला.

आपला ‘पटलावर ठेवणे’ हा प्रयोग मात्र या दोन्हींपेक्षा वेगळा आहे. बेळगावच्या सुवर्णसौधमधल्या विधिमंडळ अधिवेशनाच्या बातम्या आठवा. ‘अहवाल सभागृहाच्या पटलावर ठेवला’ म्हणजे तो सदस्यांना पाहायला खुला झाला. त्यावर चर्चा होईलच असं नाही. म्हणून इथे ‘पटल’ नकोच. ब्रिटिश अर्थ असेल तर ‘ठराव मांडला’ लिहा. आपल्या भागात हा शब्द कुणाला अडणार नाही. कन्नडमध्येही ठराव ‘मंडिसु’च म्हणतात, आणि इकडच्या पंचायतींत ‘ठरावु’ सर्रास चालतो. अमेरिकन अर्थ असेल तर ‘ठराव तूर्त बाजूला ठेवला’. ‘तहकूब’ चालेल, पण पुढची तारीख ठरली असेल तेव्हा: ‘ठराव पुढील बैठकीपर्यंत तहकूब’. नुसतं ‘तहकूब’ लिहिलंत तर सभाच तहकूब झाली असं वाचलं जाईल.

‘सेकंड’ला अनुमोदन हाच रूढ शब्द आहे, तोच ठेवा. पण त्याचा अर्थ नीट धरायला हवा. मी एका पतसंस्थेचं इतिवृत्त बरीच वर्षं लिहिलं. ठरावाखाली ठरलेल्या दोन ओळी असत, ‘सूचक’ आणि ‘अनुमोदक’. एकदा एका सभासदाने कर्जमर्यादेच्या ठरावाला अनुमोदन दिलं आणि मतदानात विरोधात हात वर केला. सभेत गलका झाला, ‘शब्द फिरवला!’ ते शांतपणे म्हणाले, ‘विषय बोलला जावा म्हणून अनुमोदन दिलं, मत अजून दिलं नव्हतं.’ त्यांचं बरोबर होतं. एकाच्याच मनातल्या गोष्टीसाठी साऱ्या सभेचा वेळ जाऊ नये, म्हणून दुसऱ्याने ‘हे चर्चेला घ्या’ म्हणायचं. अनुमोदनाचं काम एवढंच. कोशात ‘अनुमोदन’ म्हणजे संमती, त्यामुळे घोळ होतो.

सॉफ्टवेअर प्रकल्पांत हा घोळ वाढतो, कारण तिथे हात वर होताना दिसत नाहीत, नुसता मजकूर येतो. डेबियन या जुन्या प्रकल्पाची स्वतःची घटना १९९८ पासून आहे. सर्वसाधारण ठरावाला तिथे मांडणाऱ्याखेरीज आणखी काही सदस्यांचा टेकू लागतो. ही संख्या एकूण सदस्यसंख्येच्या वर्गमुळाच्या निम्मी किंवा पाच, यांतली लहान असते. हजार सदस्य धरले तर पाच. त्या पाचांनी मतदान कसं करायचं हे त्यांचं त्यांनी ठरवायचं.

तेव्हा इतिवृत्तात सूचक आणि अनुमोदक ही नावं जरूर लिहा, पण ‘पाठिंबा’ हा शब्द मतदानाच्या ओळीसाठी राखून ठेवा.