स्कीमावरून क्लास बनवायचेत? आधी स्कीमा उघड

एक्सएमएलच्या स्कीमावरून कोडचे क्लास बनवणारं कुठलं टूल चांगलं, हे विचारण्याआधी तुझी एक्सएसडी फाइल (एक्सएमएलची रचना सांगणारी स्कीमा फाइल) एकदा नीट वाच. त्यात ‘चॉइस’ (दिलेल्यांपैकी एकच घटक निवडणं) किती आहेत आणि ‘इम्पोर्ट’ (दुसरी स्कीमा फाइल जोडणं) किती, एवढं बघितलंस तरी पुरे. खरी गंमत तिथेच होते.

बँकेच्या पेमेंटचा पेन.००१ मेसेज घे. त्यात रक्कम दोन प्रकारांपैकी एका प्रकारे द्यायची असते, म्हणजे चॉइस. डॉटनेटचं एक्सएसडी.एक्सई हे टूल तिथे सरळ ‘आयटम’ नावाची प्रॉपर्टी बनवतं, टाइप ऑब्जेक्ट, म्हणजे आत नेमकं काय ते कळत नाही. सहा महिन्यांनी तो कोड वाचताना डोकं धरशील. शिवाय ऐच्छिक आकडा असला की सोबत नावाच्या शेवटी ‘स्पेसिफाइड’ लावलेली बूलियन (ट्रू/फॉल्स) प्रॉपर्टी येते. ती ट्रू केली नाही तर आकडा भरूनही एक्सएमएलमध्ये उतरत नाही, आणि एररही नाही! मी यात अख्खा शुक्रवार घालवलाय. इम्पोर्ट केलेल्या फाइलीही एक्सएसडी.एक्सईला कमांडवर एकेक करून द्याव्या लागतात.

जावात असशील तर एक्सजेसी हे स्कीमावरून जावा क्लास बनवणारं टूलच घे, फार शोधाशोध नको. फक्त ते जेडीके (जावाचं डेव्हलपमेंट किट) ११ पासून सोबत येत नाही, वेगळी डिपेन्डन्सी लाव. आणि जुन्या प्रोजेक्टात ‘जावाएक्स’ (जुनं नाव) पॅकेज आहे की ‘जकार्ता’ (नवं नाव), ते तपास. दोन्हींची खिचडी चालत नाही. तारखांसाठी एक्सजेसी एक्सएमएलग्रेगोरियनकॅलेंडर हा टाइप देतं, नावासारखंच अवजड. बाइंडिंग फाइल (कुठल्या टाइपऐवजी कुठला हवा ते सांगणारी) लिहून त्याजागी जावाचा लोकलडेट करून घे.

पायथनसाठी एक्सएसडेटा हे टूल घे, त्यातून पायथनचे डेटाक्लास मिळतात.

जनरेट झालेल्या कोडला मात्र हात लावू नकोस. नमुन्याची एक खरी फाइल वाच, परत लिही, दोन्ही ताडून बघ, मग टूल ठरव.