लेटरहेडवरच्या एका पत्रामुळे नगरसेवकपद जाऊ शकतं का?

प्रश्न : मी महाराष्ट्रातल्या एका नगरपरिषदेत पहिल्यांदाच निवडून आलेली नगरसेविका आहे. आमच्या प्रभागातल्या एका गॅरेजवाल्याने दुकानापुढे पत्र्याची शेड काढली होती. ती पाडण्याची नोटीस आल्यावर तो आमच्या घरी आला. मिस्टरांनी माझ्या लेटरहेडवर मुख्याधिकाऱ्यांच्या नावे पत्र टाइप केलं आणि मी सही केली. त्यात ‘सदर शेडवरील कारवाई पुढील आदेशापर्यंत करण्यात येऊ नये’ असं वाक्य आहे. नंतर जेसीबी आला तेव्हा मी तिथे गेले होते, पण बाजूला उभी होते. शेड त्याच दिवशी पाडली गेली. आता निवडणुकीत माझ्याविरुद्ध हरलेल्या उमेदवाराने मला अपात्र ठरवण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला असून मला नोटीस आली आहे. आमच्या घरामागे सासऱ्यांनी बांधलेली खोली विनापरवाना असल्याचंही त्यात म्हटलं आहे. कोणी सांगतं राजीनामा द्या, कोणी म्हणतं ते पत्र फाइलमधून काढून घेऊ. मी काय करू?

उत्तर : ताई, आज तुम्ही नगरसेविका आहात. जिल्हाधिकारी निर्णय देऊन तो तुम्हाला कळवत नाहीत तोपर्यंत तुमचं पद रिकामं झालं असं मानता येत नाही. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ च्या कलम ४४ च्या पोटकलम (३) मध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे. त्यामुळे सर्वसाधारण सभेला जा, बोला, मतदान करा. राजीनामा मात्र देऊ नका. अर्जदाराला सुनावणीत जे सिद्ध करावं लागणार आहे, ते तुम्ही आयतं त्याच्या हातात द्याल.

तरीही हे प्रकरण हलक्यात घेण्यासारखं नाही. कलम ४४(१) मध्ये बेकायदा बांधकामाविषयी एक खंड आहे. नगरसेवकाने स्वतः, जोडीदाराने किंवा अवलंबून असलेल्या व्यक्तीने असं बांधकाम केलं, किंवा नगरसेवक म्हणून ते करायला मदत केली, तर पद जातं. याच खंडाच्या शेवटच्या भागात तुमचं प्रकरण येतं. बेकायदा किंवा अनधिकृत बांधकाम पाडण्याचं काम करणाऱ्या सक्षम प्राधिकाऱ्याला लेखी पत्राने किंवा प्रत्यक्ष अडथळा आणला, किंवा तसा प्रयत्न केला, तरीही अपात्रता येते. यात पैसे घेतल्याची अट नाही. वाईट हेतू सिद्ध करावा लागेल असंही म्हटलेलं नाही. शिवाय ‘प्रयत्न’ हा शब्द असल्यामुळे शेड अखेर पडली, एवढ्यावर तुमची सुटका होत नाही.

खरी अडचण तुमच्या पत्रातल्या त्या एका वाक्यात आहे. ‘पुढील आदेशापर्यंत’ म्हणजे कोणाच्या आदेशापर्यंत? नगरसेवकाला मुख्याधिकाऱ्यांना आदेश देण्याचा अधिकारच नाही. कुठल्या तरी स्थगितीच्या आदेशातली भाषा उचलून ती पत्रात चिकटवलेली दिसते. समोरचा वकील नेमकं हेच वाक्य मोठ्याने वाचून दाखवेल. ‘असं लिहायचा अधिकारच नव्हता, म्हणून पत्राला काही किंमत नाही’ हा बचाव सुचेल, पण तो टिकणं कठीण आहे. अधिकार नसताना केलेला प्रयत्नही प्रयत्नच असतो.

मग हातात काय उरतं? बरंच काही, पण ते सगळं कागदपत्रांत आहे. शेड नेमकी कोणाच्या जागेवर होती, हे मला आधी पाहायचं आहे. ती गॅरेजवाल्याच्या स्वतःच्या जागेत असेल तर सर्वोच्च न्यायालयाचा १३ नोव्हेंबर २०२४ चा निकाल उपयोगी पडू शकतो. बांधकाम पाडण्याआधी मालकाला नोंदणीकृत टपालाने नोटीस पाठवावी, बांधकामावरही ती चिकटवावी आणि किमान १५ दिवसांची मुदत द्यावी, असे निर्देश त्यात आहेत. मुदत संपण्याआधीच कारवाई होत असेल, तर ‘नियमाने व्हावं म्हणून लिहिलं’ या तुमच्या म्हणण्याला आधार मिळतो. मात्र रस्ता, पदपथ यांसारख्या सार्वजनिक जागेवरच्या अनधिकृत बांधकामाला हे संरक्षण त्या निकालानेच नाकारलं आहे. शेड रस्त्याच्या हद्दीत आली असेल तर हा मुद्दा सोडून द्यावा लागेल. म्हणून मोजणी किंवा सिटी सर्व्हेचा नकाशा मिळवा. ‘दुकानापुढे’ एवढ्यावर काही ठरत नाही.

नोटीस महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५३ खाली होती का, तेही पाहा. असेल तर बांधकाम कायम ठेवण्याची परवानगी मागण्याची वाट मालकाला त्याच कलमात होती. त्याने मुदतीत तसा अर्ज केला होता का आणि त्यावर निर्णय झाला होता का? अर्ज प्रलंबित असताना तुम्ही पत्र दिलं असेल तर त्या पत्राकडे बघण्याची नजर बदलते. पत्राच्या तारखेला पाडण्याचा आदेश निघाला होता का आणि मुख्याधिकाऱ्यांनी तुमच्या पत्रावर काय शेरा मारला, हेही महत्त्वाचं आहे. आवक नोंदवहीचा उतारा आणि पूर्ण फाइलच्या प्रमाणित प्रती मागा. वेळ लागत असेल तर सुनावणीतच लेखी अर्ज देऊन मुदत मागा. म्हणणं मांडण्याची वाजवी संधी मिळणं हा तुमचा हक्क आहे.

जेसीबीच्या दिवसाची मला तितकीशी काळजी वाटत नाही. नुसतं हजर राहणं म्हणजे अडथळा नव्हे. पथकाने पंचनामा केला असेल आणि त्यात तुमच्या अडवणुकीचा उल्लेख नसेल, तर तोच तुमचा उत्तम पुरावा. कोणी मोबाइलवर चित्रीकरण केलं असेल तर तुमच्या बाजूचं वाटतं तेवढंच नाही, सगळं पाहून घ्या. समोरच्याकडेही ते असणार.

फाइलमधून पत्र काढून घेण्याचा विचार डोक्यातून काढून टाका. मागची तारीख टाकून ‘दुरुस्त’ पत्र ठेवण्याचाही. अर्जदाराने त्या पत्राची प्रत जोडल्याशिवाय अर्ज केला असेल असं मला वाटत नाही. आज प्रश्न पदाचा आहे. सरकारी दस्तऐवजात फेरफार केलात तर तो फौजदारी होईल, आणि तुमच्यासोबत एखादा लिपिकही अडकेल.

‘पत्र मिस्टरांनी टाइप केलं’ हेही बचाव म्हणून पुढे करू नका. सही तुमची आहे आणि मजकुराची जबाबदारीही तुमची. प्रभागाचा कारभार नक्की कोण चालवतं, हा प्रश्न तुम्ही स्वतःच उभा कराल. सुनावणीत कोणी थेट विचारलं तर मात्र खरं सांगा. (लेटरहेडचं पॅड आजपासून तुमच्या कपाटात ठेवा. हे कायद्यात नाही, माझं सांगणं आहे.)

सासऱ्यांच्या खोलीबद्दल थोडक्यात. कायद्यात स्वतः, जोडीदार आणि अवलंबून असलेली व्यक्ती एवढेच उल्लेख आहेत. सासऱ्यांचं स्वतःचं उत्पन्न असेल, घर त्यांच्या नावावर असेल आणि बांधकाम त्यांनीच केलं असेल, तर हा आरोप तुमच्यापर्यंत आणणं अवघड आहे. त्यासाठी मालमत्ता कराचा उतारा आणि त्यांच्या उत्पन्नाचा पुरावा जोडा. अर्जदाराच्या बाजूने २०१८ चा जनाबाई प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवला जाण्याची शक्यता आहे. कुटुंबातल्या व्यक्तीच्या अतिक्रमणावरून ग्रामपंचायत सदस्य अपात्र ठरण्याचा तो विषय होता. पण तो शासकीय किंवा सार्वजनिक जागेवरच्या अतिक्रमणाबद्दल आहे आणि ग्रामपंचायत कायद्याच्या वेगळ्या शब्दांवर दिलेला आहे. तुमच्या वकिलांनी हा फरक लेखी म्हणण्यातच मांडावा. खोली स्वतःच्या जागेत असेल तर तो फरक आणखी ठळक होतो.

तुमच्या बाजूने रवी यशवंत भोईर प्रकरणाचा २०१२ चा निकाल जरूर द्या. उरण नगरपरिषदेच्या नगराध्यक्षांना पदावरून दूर केल्याच्या त्या प्रकरणात, लोकांनी निवडून दिलेल्या पदाधिकाऱ्याला हटवणं ही गंभीर बाब आहे आणि त्यासाठी नैसर्गिक न्यायाची तत्त्वं काटेकोर पाळली पाहिजेत, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. पंजाबातल्या तरलोचन देव शर्मा प्रकरणाचा २००१ चा निकालही कोणीतरी सुचवेल. एखादी तुरळक चूक म्हणजे अधिकाराचा दुरुपयोग नव्हे, असं त्यात म्हटलं आहे. तो जोडा, पण त्याच्यावर भिस्त ठेवू नका. तिथे कायद्याचे शब्द ‘अधिकाराचा दुरुपयोग’ असे होते. तुमच्या खंडात ते नाहीत आणि जिल्हाधिकारी ते लगेच लक्षात आणून देतील.

निर्णय विरोधात गेला तर निर्णयाची प्रत मिळाल्यापासून १५ दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येतं. अपिलासोबतच स्थगितीचा अर्ज द्या, नाहीतर अपील चालू असतानाच पोटनिवडणुकीची तयारी सुरू होईल. तिथेही यश आलं नाही तर उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. पंधरा दिवस फार पटकन जातात, म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे तुमचं म्हणणं दाखल करतानाच अपिलाची कागदपत्रं लावून ठेवायला वकिलांना सांगा.

यापुढे असं कोणी दारात आलं तर पत्र जरूर द्या. नागरिकाचं म्हणणं प्रशासनापर्यंत नेणं हे तुमचं कामच आहे. फक्त त्यात ‘थांबवा’, ‘करू नये’ असं लिहू नका. ‘नोटीस नियमानुसार बजावली आहे का, मालकाचं म्हणणं ऐकून घेतलं आहे का, याची माहिती मिळावी’ असं लिहा. लेखी म्हणण्यातही तुमच्या पत्रामागचा हेतू हाच होता असं मांडायचं असेल, तर त्याला त्या वेळची कागदपत्रं लागतील. तेव्हा आजच गॅरेजवाल्याला बोलावून त्याला आलेली मूळ नोटीस आणि ती ज्या पाकिटातून आली ते पाकीटही मागून घ्या. त्यावरचा टपालाचा शिक्का आणि पत्र्यावर जेसीबी चालला ती तारीख, या दोन्हींत किती दिवसांचं अंतर आहे ते मोजूनच वकिलांकडे जा.