वर्धा रोडवरचं गोदाम आणि आठ खोल्या

प्रश्न: आम्ही बुटीबोरीजवळ राहतो. माझं किराणा दुकान आहे, यजमान एमआयडीसीत नोकरीला आहेत आणि 6 वर्षांनी निवृत्त होतील. वर्धा रोडला एका ऑनलाइन विक्री कंपनीचं मोठं वितरण केंद्र सुरू झालंय. मुलगा तिथे ठेकेदारामार्फत लागला आहे, हातात 14 हजार येतात. केंद्राजवळच आमचा 2 हजार चौरस फुटांचा प्लॉट आहे. बाहेरगावची मुलं खोल्या शोधत फिरताहेत, म्हणून 8 खोल्या बांधायचा विचार आहे. खर्च 16 लाख. 6 लाखांची एफडी मोडू आणि राहतं घर गहाण ठेवून 10 लाखांचं कर्ज घेऊ. व्याज 10.5 टक्के, मुदत 10 वर्षं. खोलीमागे 3 हजार भाडं मिळेल. करावं का?

उत्तर: ताई, खोल्या बांधा. पण आठ नको, आणि त्यासाठी राहतं घर तर अजिबात गहाण ठेवू नका.

तुमचा हिशेब असा असणार: 8 खोल्यांचं भाडं 24 हजार, हप्ता साधारण 13,500, म्हणजे महिन्याला दहा हजार सुटतात. हा आठही खोल्या बाराही महिने भरलेल्या असल्या तरचा हिशेब झाला. वितरण केंद्रातलं काम तसं चालत नाही. दसरा-दिवाळीच्या आधी ठेकेदार पोरं भराभर भरतो आणि सीझन उतरला की त्यातली बरीच कमी करतो. म्हणून मी तुमच्या निम्म्या खोल्या वर्षातले 6 महिने रिकाम्या धरल्या. वर्षाचं भाडं 2,88,000 वरून 2,16,000 वर आलं. त्यातून हप्त्याचे 1,62,000 गेले. घरपट्टी, मोटारीचं वीजबिल, रंग, दुरुस्ती यांचे 30 हजार धरले, तर हातात उरतात 24 हजार. महिन्याला नव्हे, वर्षाला. आणि मोडलेल्या 6 लाखांवर बँकेत साडेसहा टक्क्यांनी 39 हजार व्याज मिळालंच असतं.

हप्त्यात मुद्दलही फिटतंय आणि दहा वर्षांनी इमारत तुमची होईल, हे मान्य. पण यजमान सहा वर्षांनी निवृत्त होतील. शेवटची चार वर्षं हप्ता कशातून भरणार?

मला खरी काळजी वेगळीच आहे. मुलाचा पगार त्या केंद्रातून येणार, खोल्यांचं भाडं तिथल्याच पोरांकडून, आणि तुमच्या दुकानात उधारीचं खातंही त्यांचंच वाढणार. एका घरातल्या तीन मिळकती एकाच गेटवर अवलंबून राहतील.

गोदामं कशी येतात आणि का हलतात, ते पाहा. मुंबईच्या जकातीची हद्द टाळायची म्हणून भिवंडीच्या आसपास गोदामं वाढली. दुसऱ्या राज्यात थेट माल विकला तर केंद्रीय विक्रीकर लागायचा, म्हणून कंपन्या राज्याराज्यात लहान गोदामं ठेवायच्या. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि ते कारणच संपलं. मग मोक्याच्या जागी मोजकी मोठी गोदामं ठेवणं परवडू लागलं. नागपूर अशाच मोक्यावर आहे. श्रीनगर-कन्याकुमारी आणि सुरत-कोलकाता हे दोन्ही महामार्ग इथून जातात, आणि जून 2025 पासून 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झालाय. त्यामुळे या भागात काम वाढत राहील असं मलाही वाटतं. पण या भागात म्हणजे तुमच्या प्लॉटसमोरच, असं नाही. अशा कंपन्या बहुतेक वेळा शेड भाड्याने घेतात. करारानुसार सुरुवातीची काही वर्षं जागा सोडता येत नाही, त्यानंतर येते. वीस किलोमीटरवर स्वस्त आणि मोठी शेड मिळाली, तर कंपनीसाठी तो ट्रकच्या फेऱ्यांचा प्रश्न असतो. तुमच्या खोल्या मात्र जागच्या हलणार नाहीत.

म्हणून मी असं करीन: आता दोनच खोल्या, कर्ज न काढता, 4 लाखांत. पाया आणि सांडपाण्याची टाकी पुढच्या खोल्यांचा अंदाज घेऊन मोठी करा, त्यासाठी वर 50 हजार धरा. दीड लाख एफडीतच राहू द्या, दवाखान्याची वेळ सांगून येत नाही. दोन खोल्या वर्षातले तीन महिने रिकाम्या राहिल्या तरी 54 हजार भाडं येतं, म्हणजे घातलेल्या पैशावर 12 टक्के. दुरुस्ती वजा केली तरी एफडीपेक्षा बरं. दोन दिवाळ्या जाऊ द्या. दिवाळीनंतरच्या फेब्रुवारीतही खोल्या भरलेल्या असतील, तर तिसरी-चौथी साठलेल्या भाड्यातून उभी करा. खोलीत स्वयंपाकाचा ओटा आणि स्वतंत्र संडास ठेवा. उद्या गोदाम गेलं तरी एमआयडीसीतलं एखादं कुटुंब राहायला येईल. कॉट टाकून केलेल्या खोलीत ते येणार नाही.

मुलाबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते. त्याला पगाराची पावती मागायला लावा. पीएफ कापला जातोय का आणि तो खरोखर भरला जातोय का, हे यूएएन नंबरवरून, म्हणजे त्याच्या पीएफच्या कायम क्रमांकावरून, पासबुकात मोबाइलवर दिसतं. पगार 21 हजारांच्या आत असल्याने ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी विमाही लागू व्हायला हवा. पगारातून पाऊण टक्काच कापतात, आणि त्यात त्याच्या उपचारांची सोय होते. ठेकेदाराने पीएफ बुडवला तर ती जबाबदारी मूळ कंपनीवरही येते, त्यामुळे पोराने विचारायला संकोच करू नये. फोर्कलिफ्ट चालवायला किंवा संगणकावर मालाची नोंद करायला शिकता आलं तर त्याने ती संधी सोडू नये. सीझननंतर खोके उचलणाऱ्यांना आधी कमी करतात.

आता प्लॉट. नागपूरभोवती मंजुरी नसलेले लेआउट पुष्कळ विकले गेलेत. तुमचा प्लॉट अकृषिक आहे का, लेआउट मंजूर आहे का, आणि बांधकामाची परवानगी नगर परिषद देणार की एनएमआरडीए (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), हे कागद हातात घेऊन तपासा. ते होईपर्यंत एफडी मोडू नका, आणि मिस्त्रीला बयाणाही देऊ नका.